धातूत इम्प्युरिटी टाकली की नुसता रेझिस्टन्स वाढतो का? स्ट्रॉंग इंटरॅक्शनवाल्या मेटलबद्दल जरा सविस्तर

दारव्ह्याकडच्या एका एमएस्सीच्या पोरीचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: "सर, आम्ही पेपरात मॅथिसेनचा नियम लिहितो की इम्प्युरिटीमुळे एक ठरावीक रेझिस्टन्स वाढतो अन् तापमानाचा भाग वेगळा राहतो. प्रोजेक्टसाठी वाचताना एका लेखात दिसलं की इलेक्ट्रॉनमधलं जोरदार इंटरॅक्शन डिसऑर्डरला झाकून टाकतं, दुसऱ्या लेखात दिसलं की थोड्याशा झिंकने सगळी सुपरकंडक्टिव्हिटी (रेझिस्टन्स पार शून्य होणं) मरते. दोन्ही लेख कॉपर ऑक्साइडबद्दलच आहेत. मग खरं काय?"

बेटा, दोन्ही खरं आहे. गोंधळ उडाला तं त्यात तुझी काही चूक नाही, आपल्या सिलॅबसची गाडी मॅथिसेनच्या स्टेशनवर थांबते ती पुढं जातच नाही. आधी एका दमात सांगतो मग खोलात जाऊ: इलेक्ट्रॉन एकमेकांना जोरात ढकलत असले तं डिसऑर्डरचा, म्हणजे ॲटमच्या रचनेतल्या गडबडीचा, चार्जवरचा परिणाम बोथट होतो, पण स्पिनवरचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगच्या चुंबकपणावरचा, परिणाम भलताच धारदार होतो. तू वाचलेला पहिला लेख चार्जच्या बाजूनं बघतो, दुसरा स्पिनच्या बाजूनं. एवढं धरून चाललं की या विषयातल्या निम्म्या भांडणांचा निकाल लागतो. उरलेली निम्मी सँपल खराब असल्यामुळे होतात, त्याच्यावरही येतोच.

साध्या धातूपासून सुरुवात करू, कारण तिथं काय मोडतं हे कळलं नाही तं पुढचं हवेत राहील. आपल्याकडे पऱ्हाटी (कपाशी) चौफुलीवर लावतात ना, दोन झाडांतलं अन् दोन ओळींतलं अंतर सारखं, त्यात डवरा (बैलाचं कोळपं) उभाही चालतो अन् आडवाही, झाडं हजारो असली तरी एकही आडवं येत नाही कारण सगळी ओळीत आहेत. फेलिक्स ब्लॉखने १९२८ मध्ये इलेक्ट्रॉनबद्दल दाखवलं ते असंच काहीसं, ॲटम ओळीत असले की इलेक्ट्रॉन त्यांच्यातून न अडखळता जातो, म्हणजे रेझिस्टन्स ॲटम असल्यामुळे नाही, ओळ मोडल्यामुळे येतो. ओळ मोडायची कारणं दोन. उष्णतेनं ॲटम जागच्या जागी हलतात हे एक, अन् परका ॲटम, रिकामी जागा, ग्रेन बाउंड्री हे दुसरं. पहिलं थंड केल्यावर जातं, दुसरं जात नाही. मॅथिसेनने १८६० च्या दशकात हे मोजून मांडलं की दोन्ही भाग नुसते बेरजेनं येतात. फक्त एक लक्षात ठेव, डवऱ्याला खाडा नडत नाही, इलेक्ट्रॉनला खाडाही नडतो, म्हणजे जिथं झाड नाही तिथंही तो आपटतो. हे पुढं कामाला येणार आहे.

हे बघायला मोठी लॅब लागत नाही. आपल्याकडे जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी लिक्विड नायट्रोजन येतोच, डॉक्टरांना सांगून थर्मासभर मिळाला तं पंख्याच्या वाइंडिंगची छत्तीस गेजची तांब्याची तार पन्नासेक मीटर घे, रिळावर गुंडाळ अन् साध्या मल्टिमीटरनं मोज, तीस ओमच्या आसपास भरते. नायट्रोजनात बुडव, उकळणं शांत होऊ दे अन् परत मोज, साडेतीन-चार ओमवर येते. आता हिटरची नायक्रोमची कॉईल घे, हजार वॅटची असली तं पन्नासेक ओम, तीही बुडव, काही फरकच पडत नाही म्हटलं तरी चालेल, एखाद-दोन ओम हलते. तांबं रूम टेम्परेचरला १.७ मायक्रो-ओम सेंटिमीटर अन् नायक्रोम ११० च्या आसपास, म्हणजे नायक्रोममध्ये निकेल-क्रोमियमची इतकी खिचडी आहे की इलेक्ट्रॉनला दर दोनचार ॲटमला ठेच लागते, तापमानानं त्यात आणखी काय भर पडणार. (थर्मासचं झाकण घट्ट लावू नका, खिडकी उघडी ठेवा, अन् बोटं घालून कोणी हिरोगिरी करू नका.)

नायक्रोमच्याही पुढं गेलं की मॅथिसेन उघड उघड मोडतो. मूय नावाच्या माणसानं १९७३ मध्ये कितीतरी मिश्रधातूंचा डेटा एकत्र लावला अन् दिसलं की रेझिस्टिव्हिटी साधारण १५० मायक्रो-ओम सेंटिमीटरच्या वर गेली की तापमान वाढल्यावर रेझिस्टन्स उलटा कमी होतो. म्हणजे बेरजेचा नियम फक्त डिसऑर्डर थोडी असताना, अन् इलेक्ट्रॉन एकमेकांना फारसे विचारत नसताना. आपला विषय दुसरी अट मोडल्यावर काय होतं हा आहे.

इथं कोंडो इफेक्ट नीट समजून घे, घाई करू नको, पुढचं सगळं याच्यातूनच निघतं.

१९३४ मध्ये नेदरलँड्सच्या लायडनला डी हास, डी बूर अन् व्हॅन डेन बर्ग सोन्याची तार थंड करत नेत होते. रेझिस्टन्स उतरत उतरत तळाला गेला, अन् आणखी थंड केल्यावर परत चढायला लागला. मॅथिसेनप्रमाणे तो सपाट व्हायला पाहिजे होता. तीस वर्षं याचं धड कारण कोणाला सापडलं नाही. १९६४ मध्ये जपानच्या जुन कोंडो यांनी सांगितलं की सोन्यात किंवा तांब्यात लोखंडासारखा मॅग्नेटिक ॲटम अगदी नखभर असला तरी हे होतं, कारण त्या ॲटमला स्वतःचा स्पिन आहे. साध्या इम्प्युरिटीवर इलेक्ट्रॉन आपटतो, दिशा बदलून निघून जातो, इम्प्युरिटी होती तशीच राहते. इथं इलेक्ट्रॉन जाताना लोखंडाचा स्पिन पलटवून जातो, मग मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनला पलटलेला स्पिन भेटतो, म्हणजे आधीच्याने काय केलं याचा हिशोब पुढच्याला लागतो. इम्प्युरिटी एकच आहे पण तिच्यामार्फत सगळे इलेक्ट्रॉन एकमेकांशी गुंतले. कोंडोंच्या गणितात याच्यातून एक लॉग येतो जो थंड करत गेलं की वाढत जातो.

आता लॉग वाढतच गेला तं शून्य केल्विनला अनंत होईल, अन् ते शक्य नाही, हे कोंडोंनाही माहीत होतं. ते कोडं केनेथ विल्सनने १९७५ मध्ये सोडवलं: एका तापमानाच्या खाली, त्याला कोंडो टेम्परेचर म्हणतात, भोवतालचे इलेक्ट्रॉन मिळून त्या स्पिनला उलट्या स्पिनने झाकून टाकतात, सिंगलेट (एकूण स्पिन शून्य असलेली जोडणी) बनतो, अन् बाहेरून बघणाऱ्याला स्पिन दिसेनासाच होतो, एक तगडी पण साधी इम्प्युरिटी तेवढी दिसते. तांब्यात लोखंड असलं तं हे तापमान पंचवीस-तीस केल्विनच्या आसपास. तांब्यात मॅंगनीज असलं तं साधारण एक शतांश केल्विन! आपल्या भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघतं तेच मॅंगनीज. लोखंडाच्या शेजारच्याच घरातला ॲटम, पण हजारो पटींचा फरक.

एवढा फरक काऊन? कारण कोंडो टेम्परेचर हे स्पिन अन् इलेक्ट्रॉनमधल्या कपलिंगवर एक्स्पोनेन्शियल पद्धतीनं अवलंबून असतं, ई चा घात वजा एक भागिले जी, इथं जी म्हणजे कपलिंग गुणिले तिथली डेन्सिटी ऑफ स्टेट्स, म्हणजे त्या एनर्जीला इलेक्ट्रॉनसाठी किती जागा आहेत तो आकडा. स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघ. जी जर ०.१ असेल तं घात वजा १०. जी दहा टक्क्यांनी कमी करून ०.०९ कर, घात वजा ११.१, कोंडो टेम्परेचर एकदम एक तृतीयांश झालं. वीस टक्क्यांनी कमी कर, ते बाराव्या हिश्श्यावर आलं. शेजारचा एखादा ॲटम बदलला, अंतर थोडं इकडंतिकडं झालं, की कपलिंग दहावीस टक्के सहज हलतं. हा आकडा डोक्यात पक्का बसव, कारण स्ट्रॉंग इंटरॅक्शनवाल्या मेटलमध्ये डिसऑर्डर इतकी खतरनाक का होते याचं अर्धं उत्तर इथं आहे.

आता एक-दोन इम्प्युरिटी सोडून दे, दर युनिट सेलमध्ये मॅग्नेटिक ॲटम बसव, म्हणजे हेवी फर्मिऑन मटेरियल. १९७५ मध्ये सेरियम-ॲल्युमिनियम-थ्रीची स्पेसिफिक हीट मोजली तं इलेक्ट्रॉनचा गॅमा (स्पेसिफिक हीटमधला त्यांचा वाटा सांगणारा आकडा) १६२० मिलिजूल प्रति मोल केल्विन वर्ग आला. तांब्याचा ०.७ आहे. म्हणजे इलेक्ट्रॉन दोन हजार पटींहून जड असल्यासारखा वागतो. तरी तो फर्मी लिक्विडच, म्हणजे एकमेकांना ढकलूनही इलेक्ट्रॉन साध्या धातूतल्यासारखेच वागतात, फक्त जड होऊन, रेझिस्टन्स तापमानाच्या वर्गाने चढतो, लान्डाऊने १९५० च्या दशकात मांडलेल्या चौकटीत बसतो. गंमत अशी की सगळे सेरियम ॲटम ओळीत असले तं थंड केल्यावर स्कॅटरिंगच नाहीसं होतं, चौफुलीसारखं, याला कोहेरन्स म्हणतात. सेरियम-कॉपर-सिक्समध्ये रेझिस्टन्स थंड करताना आधी चढतो, दहा-पंधरा केल्विनच्या आसपास माथा येतो अन् मग झपकन उतरतो.

मग सेरियमच्या जागी लॅन्थॅनम टाकत जा. लॅन्थॅनमला स्पिन नाही, तसा बिचारा निरुपद्रवी. पण जिथं जिथं तो बसतो तिथं ओळीतला एक स्पिन गेला, तो खाडा झाला, याला कोंडो होल म्हणतात. माथा बुटका होत जातो, उतार नाहीसा होतो, अन् लॅन्थॅनम पुरेसा झाला की रेझिस्टन्स खालपर्यंत चढतच राहतो, कोंडोच्या एकट्या इम्प्युरिटीसारखा. इथं उलटंपालटं झालेलं दिसतं का? तांब्यात लोखंड ही इम्प्युरिटी, कारण त्याला स्पिन आहे. सेरियमच्या लॅटिसमध्ये लॅन्थॅनम ही इम्प्युरिटी, कारण त्याला स्पिन नाही. म्हणून "नॉन-मॅग्नेटिक इम्प्युरिटी म्हणजे सौम्य" हे पुस्तकी वाक्य इथं वापरू नको, आधी विचार की ओळ कशाची आहे.

आता खरी मजा. समजा ॲटम काढला नाही, फक्त भोवतालची माणसं बदलली. युरेनियम-कॉपर-फाइव्हमध्ये काही कॉपरच्या जागी पॅलेडियम टाकतात. युरेनियम-कॉपर-फोर-पॅलेडियम हे नाव बघितलं की वाटतं किती नीटनेटकं, कॉपरच्या दोन प्रकारच्या जागा आहेत, त्यातल्या एकीवर सगळं पॅलेडियम बसलं असेल. १९९० च्या दशकात एक्स-रेच्या एक्साफ्स पद्धतीनं बघितलं तं जवळपास चौथा हिस्सा पॅलेडियम चुकीच्या जागी बसलेलं निघालं! म्हणजे प्रत्येक युरेनियमचे शेजारी वेगळे, त्याचं कपलिंग वेगळं, अन् वर बघितलेल्या एक्स्पोनेन्शियलमुळे त्याचं कोंडो टेम्परेचर तं कुठल्या कुठं. काहींचं शंभर केल्विन, काहींचं जवळजवळ शून्य. एक केल्विनला मोजायला बसलं की बहुतेक स्पिन झाकले गेलेले असतात पण थोडे अजून मोकळे फिरतात, तापमान कमी कर, आणखी काही झाकले जातात पण शेपटीतले राहतातच. हे मोकळे थोडे असले तरी ससेप्टिबिलिटी (चुंबकीय क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद) अन् स्पेसिफिक हीट यांच्यावर तेच राज्य करतात, अन् ससेप्टिबिलिटी सपाट होण्याऐवजी लॉगने चढत जाते. फर्मी लिक्विड मोडलं म्हणून जो गाजावाजा होतो त्यातला काही गाजावाजा या शेपटीचा आहे. १९९५ मध्ये एनएमआरच्या (ॲटमच्या गर्भावरून भोवतालचं चुंबकीय क्षेत्र ओळखायच्या पद्धतीच्या) रेषांची रुंदी मोजून हे वाटप दाखवलं गेलं, नंतर मिरांडा, डोब्रोसाव्ल्येविच अन् कोटलियार यांनी थिअरी घट्ट बसवली. दुसरा पंथ म्हणतो की एकेकटा स्पिन नाही, मोमेंटचे, म्हणजे स्पिनच्या चुंबकांचे, छोटे छोटे पुंजके असतात, ग्रिफिथ्स फेज. त्या वादात मी पडत नाही, पण सरासरी कपलिंग काढून काही कळत नाही, पूर्ण वाटप लागतं, हे दोन्ही पंथ मान्य करतात.

अन् तेच सँपल अनील केलं, म्हणजे भट्टीत बराच वेळ तापवून ठेवलं, की खालच्या तापमानाचं वागणं बदलतं. फॉर्म्युला तोच, वजन तेच. म्हणून मी पोट्ट्यांना कायम म्हणत आलो की कर्व्ह दाखवू नको, आधी सँपलची जन्मपत्रिका दाखव.

ही जन्मपत्रिका कशी असते ते जवळून सांगतो, माझा जन्म यातच गेला. सेरियम तेलात ठेवून येतं, कानशीनं घासलं की ठिणग्या उडतात, लायटरचा खडा याच जातीचा. डबीवर ९९.९ टक्के लिहिलेलं असतं, लोक खूश. पण रेअर अर्थच्या डबीवरचा तो आकडा बऱ्याचदा फक्त इतर रेअर अर्थच्या तुलनेत असतो, ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन त्यात मोजलेलेच नसतात, अन् धातूत खरी घाण तीच. मग आर्क मेल्टिंग, पाण्याने थंड केलेल्या तांब्याच्या चुलीवर आर्गॉनमध्ये. आधी टायटॅनियमचा गोळा वितळवायचा म्हणजे उरलासुरला ऑक्सिजन तो खाऊन टाकेल, तो गोळा निळसर-काळपट पडला तं समजायचं आर्गॉन खराब आहे, आज काम बंद. चांगला चकचकीत राहिला तं आपलं बटण, म्हणजे आपल्या मिश्रणाचा गोळा, वितळवा, उलटवा, परत वितळवा, असं चारपाच वेळा, मग वजन करा. अर्ध्या टक्क्याहून जास्त घटलं असेल तं काय उडालं हे शोधल्याशिवाय पुढं जायचं नाही, कारण आपण ठरवलेलं प्रमाण आता राहिलेलं नाही. मग टँटलमच्या पातळ पत्र्यात गुंडाळून क्वार्ट्झच्या नळीत व्हॅक्यूममध्ये सील करून आठवडाभर भट्टीत. बटणाचा वरचा भाग अन् चुलीला टेकलेला खालचा भाग वेगवेगळ्या वेगानं थंड झालेला असतो, दोन्हीकडून पट्ट्या कापून दोन्ही मोजा, एक अन् एक सारखे येत नसतील तं अनील कमी पडलंय. हे कंटाळवाणं काम आहे, पेपरमध्ये याला दोन ओळी मिळतात, पण निम्मी फिजिक्स इथंच ठरते.

आता तुझ्या पहिल्या लेखाकडे, इंटरॅक्शन डिसऑर्डर झाकतं तो. कल्पना कर, लॅटिसमध्ये काही जागा खोलगट आहेत, तिथं एनर्जी कमी. इंटरॅक्शन नसेल तं सगळे इलेक्ट्रॉन तिकडं धावतील, खड्डे भरतील, उरलेल्या जागा ओस पडतील. पण एका जागेवर दोन इलेक्ट्रॉन बसायला मोठी किंमत मोजावी लागत असेल, हबर्डच्या मॉडेलमधला तो यू, तं खड्ड्यात एक बसला की दुसरा येईना. यू खूप वाढवला, मॉट इन्सुलेटरच्या (इलेक्ट्रॉन एकमेकांच्या ढकलण्यानंच जागी अडून बसतात त्या अवस्थेच्या) उंबरठ्यावर नेला, की खोल जागा असो की उथळ, प्रत्येकीवर साधारण एकच इलेक्ट्रॉन. मग पुढून येणाऱ्या इलेक्ट्रॉनला खड्डे जाणवतच नाहीत, सपाट रस्ता. तानास्कोविच, डोब्रोसाव्ल्येविच, अब्राहम्स अन् कोटलियार यांनी २००३ मध्ये हे हिशोबानं दाखवलं. २००८ मध्ये आरती गर्ग, मोहित रांदेरिया अन् नंदिनी त्रिवेदी या तिघांनी कॉपर ऑक्साइडच्या सुपरकंडक्टरबद्दल दाखवलं की स्ट्रॉंग कोरिलेशनमुळेच, म्हणजे या जोरदार ढकलाढकलीमुळेच, त्यांची डी-वेव्ह अवस्था (डी-वेव्ह म्हणजे काय ते पुढं येतं) डिसऑर्डरपुढं टिकून राहते, कोरिलेशन गणितातून काढून टाकलं तं तेवढ्याच डिसऑर्डरने ती जास्त खराब होते. तू वाचलेला लेख बहुधा याच वाटेचा असेल.

पण यातली अट बघ, डिसऑर्डर एनर्जीची आहे, चार्जला हाक मारणारी. लॅन्थॅनम-कॉपर-ऑक्साइडमध्ये स्ट्रॉन्शियम टाकून कॅरिअर (करंट वाहणारे) आणतात, ते स्ट्रॉन्शियम कॉपरच्या थरात बसतच नाही, बाजूच्या थरात बसतं, लांबून ढकलाढकली करतं. ती झाकली जाते, अगदी पूर्ण नाही पण बरीच. शिवाय हे झाकणं थंडीतलं आहे, तापमान वाढलं की प्रत्येक जागेचा स्वतःचा कोहेरन्स वेगवेगळ्या ठिकाणी संपतो अन् झाकलेली डिसऑर्डर परत उघडी पडते.

झिंकचं तसं नाही. झिंक थेट कॉपरच्या जागी बसतं, थराच्या मधोमध. कॉपरला तिथं अर्धा स्पिन आहे, झिंकचं डी-शेल पूर्ण भरलेलं, स्पिन शून्य. म्हणजे ओळीतला एक स्पिन गेला, परत खाडा. अन् शेजारच्या कॉपरांचे स्पिन आतापर्यंत एकमेकांशी उलटसुलट जोडलेले होते, मधला गेल्यावर त्यांचा जोडीदार हरवला, ते मोकळे पडले, झिंकभोवती एक मोमेंट उभा राहिला. नॉन-मॅग्नेटिक ॲटम टाकला अन् मॅग्नेटिझम निघाला! हे यिट्रियमच्या एनएमआरने १९९४ मध्ये महाजन, अल्लूल अन् त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, महाजन म्हणजे पुढं आयआयटी मुंबईला आलेले. २००० साली टनेलिंग मायक्रोस्कोपने एकेका झिंक ॲटमचं चित्र काढलं गेलं, प्रत्येक झिंकवर इलेक्ट्रॉनच्या स्टेटचा झगझगीत ठिपका अन् आजूबाजूला चार पाकळ्यांसारखा पसारा. त्या ठिपक्यापाशी सुपरकंडक्टिव्हिटी जवळपास मेलेली.

आता जुन्या पुस्तकाशी ताडून बघ. अँडरसनने १९५९ मध्ये सांगितलं होतं की नॉन-मॅग्नेटिक इम्प्युरिटी साध्या सुपरकंडक्टरला मारत नाही, अन् अब्रिकोसोव्ह-गोर्कोव्ह यांनी १९६० च्या सुमारास दाखवलं की मॅग्नेटिक इम्प्युरिटी मारते. शिसं-कथील असल्या धातूंना ते लागू आहे, कारण तिथं सुपरकंडक्टिव्हिटी आणणारी इलेक्ट्रॉनची जोडी सगळ्या दिशांना सारखी असते. डी-वेव्हमध्ये जोडीचं चिन्ह दिशेनुसार बदलतं, कुठलीही ठेच लागली की इलेक्ट्रॉन अधिकवरून उणेवर जातो अन् हिशोब शून्याकडे. म्हणून कॉपर ऑक्साइडमध्ये मॅग्नेटिक निकेलपेक्षा नॉन-मॅग्नेटिक झिंक जास्त मारतं, निकेलला निदान स्वतःचा स्पिन आहे, ओळ पूर्ण तुटत नाही. डिसऑर्डरचा नखरा बघायचा असेल तं स्ट्रॉन्शियम रुथेनेट, म्हणजे स्ट्रॉन्शियम-टू-रुथेनियम-ओ-फोर बघ: मॅकेन्झी यांच्या गटानं १९९८ मध्ये दाखवलं की रेसिड्युअल रेझिस्टिव्हिटी (थंड करूनही उरणारा इम्प्युरिटीचा भाग) एक मायक्रो-ओम सेंटिमीटरच्या आसपास गेली की त्याची दीड केल्विनची सुपरकंडक्टिव्हिटी साफ जाते. रूम टेम्परेचरच्या तांब्यापेक्षाही कमी रेझिस्टिव्हिटी, अन् तरी सँपल "घाणेरडं".

अँडरसन लोकलायझेशनबद्दल विचारलं नाहीस म्हणून थोडक्यात. १९५८ मध्ये अँडरसनने दाखवलं की डिसऑर्डर पुरेशी असली तं इलेक्ट्रॉन जागीच अडकतो, १९७९ मध्ये अब्राहम्स, अँडरसन, लिचियार्डेलो अन् आपले टी. व्ही. रामकृष्णन यांनी स्केलिंगची मांडणी केली की सपाट, दोन डायमेन्शनच्या सिस्टीममध्ये थोडी डिसऑर्डरही शेवटी अडकवतेच. पण त्यात इंटरॅक्शन नाही. ते घातल्यावर काय होतं हे बघायला सिलिकॉनमधलं फॉस्फरस सगळ्यात साफ मटेरियल आहे, साधारण चौदा हजार सिलिकॉनमागे एक फॉस्फरस झाला की इन्सुलेटरचा मेटल होतो. अन् मेटल झाल्यावरही थोडे स्पिन तसेच मोकळे राहतात, ससेप्टिबिलिटी थंडीत चढत राहते. रवींद्र भट्ट अन् पॅट्रिक ली यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे समजावलं: फॉस्फरस वाटेल तिथं पडलेले, जवळचे दोन आधी जोडी जमवतात, मग त्याहून लांबचे, काहींना जोडीदार फार थंडीतच भेटतो. परत तीच शेपटी, युरेनियमची असो की फॉस्फरसची. चार्जच्या बाजूनं ही गोष्ट कितीही वेगळी दिसली तरी स्पिनच्या बाजूनं सगळीकडे वाटपाचीच भानगड. तुला वाचायचंच असेल तं ली आणि रामकृष्णन यांचा १९८५ चा रिव्ह्यू वाच, जुना आहे पण त्याच्याइतकं सरळ कोणी लिहिलेलं मला सापडलं नाही.

एक तक्रार करून घेतो. रेझिस्टन्स तापमानाच्या १.२ व्या घातानं जातो, १.४ व्या घातानं जातो असे पेपर ढिगानं निघतात अन् प्रत्येकात नवीन क्वांटम क्रिटिकल पॉइंट (शून्य केल्विनला अवस्था बदलायचा बिंदू) असतो. रोश यांनी १९९९ मध्ये दाखवलं की अँटिफेरोमॅग्नेटिक क्रिटिकल पॉइंटजवळ हा घात सँपल किती स्वच्छ आहे यावर सरकतो, कारण फर्मी सरफेसवर, म्हणजे करंट वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या वेग-दिशांच्या नकाशावर, काही जागा गरम, म्हणजे जास्त ठेच लागणाऱ्या, अन् काही थंड असतात, स्वच्छ सँपलमध्ये करंट थंड जागांतून पळवाट काढतो, डिसऑर्डर असली की सगळ्या जागा मिसळतात. म्हणजे घात सांगताना रेसिड्युअल रेझिस्टिव्हिटी सांगितली नाही तं त्या घाताला काडीची किंमत नाही. तापमानाच्या एका दशकपटीत, म्हणजे दहा केल्विन ते एक केल्विन एवढ्यात, लॉग-लॉगवर कुठलीही वाकडी रेघ सरळ दिसते.

आता तुझा प्रोजेक्ट. महागड्या हीलियमच्या मागे लागू नको, पुढं लागलंच तं इंदूरला यूजीसी-डीएईचं कन्सॉर्शियम युनिव्हर्सिटीवाल्यांना मोजून देतं, तिथं अर्ज कर. तोवर वायबीसीओ घे, यिट्रियम-बेरियम-कॉपर-ऑक्साइड, त्याचं क्रिटिकल टेम्परेचर ९० केल्विनच्या वर आहे अन् नायट्रोजन ७७ ला उकळतो, म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातल्या नायट्रोजनात काम भागतं. तीन गोळ्या बनव: एक साधी, एकीत कॉपरच्या जागी दोन टक्के झिंक, एकीत दोन टक्के निकेल. झिंक दर टक्क्याला साधारण दहा केल्विन खाली ओढतं, म्हणजे झिंकवाली गोळी नायट्रोजनात सुपरकंडक्टिंग व्हायला नको. निकेल बरंच कमी ओढतं, ती गोळी बहुधा होईल. चार तारा लाव, दोनमधून करंट, दोनवर व्होल्टेज, दोन तारांनी मोजशील तं कॉन्टॅक्टचाच रेझिस्टन्स मोजत बसशील. सिल्व्हर पेस्टचे ठिपके बारीक ठेव, गोळीची पातळ पट्टी कापून घे.

तिन्ही गोळ्या एकाच बोटीत (भट्टीत ठेवायच्या लांबट भांड्यात), एकाच भट्टीत, शेजारीशेजारी ठेवून भाज अन् मग साडेचारशे डिग्रीच्या आसपास ऑक्सिजनमध्ये तासन् तास ठेवून सावकाश थंड कर. कारण या मटेरियलमध्ये ऑक्सिजन कमी राहिला तरी क्रिटिकल टेम्परेचर पडतं, तीही एक डिसऑर्डरच, अन् साधी गोळीच नायट्रोजनात शून्यावर आली नाही तं झिंक-निकेलच्या गोळ्या मोजण्यात काही अर्थ नाही. ती आधी मोज, आली तं मला आकडे पाठव, नाही आली तं भट्टीचं टेम्परेचर थर्मोकपल गोळीजवळ ठेवून तपास, कॉलेजच्या भट्टीच्या डायलवर विश्वास ठेवू नको.